‘फुटबॉल स्पेशल’ राहून गेलं

आयर्लंडच्या रेड लेमोनेडवरचा, म्हणजे तिथल्या लाल रंगाच्या गोड शीतपेयावरचा तुमचा लेख आवडला. व्हिस्कीत ते मिसळायची तिथली सवय नेमकी टिपली आहे. पण आयर्लंडच्याच डोनेगल परगण्यातल्या ‘फुटबॉल स्पेशल’ या शीतपेयाचा उल्लेख राहून गेला, याची चुटपुट लागली. रॅमेल्टन गावातल्या मॅकडेड कुटुंबाचं हे पेय. गावच्या स्विली रोव्हर्स या फुटबॉल संघाने चषक जिंकला की तो दारूऐवजी दुसऱ्या कशाने भरता यावा, म्हणून केलेलं! मी तिथे एका छोट्या दुकानात पहिल्यांदा प्यायले. ग्लासात ओतलं आणि बिअरसारखा फेस थेट काठापर्यंत चढला. चव कशासारखी, ते अजूनही सांगता येत नाही. गोड, पण ओळखीच्या कुठल्याच फळाची नाही. आख्खं गाव एका चषकातून पोराबाळांसकट आनंद वाटून घेतं, ही कल्पनाच मला फार जवळची वाटते. यावरही सविस्तर लिहा ना.