आंब्याचा कागद कोणाचा?

‘आंबा निर्यातीचं सगळं केंद्रीय कृषी मंत्रालय बघतं’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य अर्धंच खरं आहे. अपेडा, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणारी सरकारी संस्था, येते वाणिज्य मंत्रालयाखाली. कृषी खात्याच्या हातात असतं ते फायटो सर्टिफिकेट, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचा दाखला. मी वाशीतून हापूस बाहेर पाठवतो, त्यामुळे हे रोजचंच. तपासणीला आलेले साहेब खोक्यातलं फळ उचलून देठाजवळ भिंग धरतात. फळमाशीनं टोचल्याची खूण दिसली की आमचा जीव टांगणीला. २०१४ मध्ये युरोपीय संघानं आपला आंबा बंद केला तो या माशीपायीच.

आणि हो, युरिया मिळाला नाही म्हणून कृषिमंत्र्यांना शिव्या घालणाऱ्यांनो, खतांचा विभाग रसायन व खते मंत्रालयात आहे! (आमच्या गावाकडच्या भावाला हे अजून पटत नाही.)