फाळक्यांचे नाव घेऊन मुलांना शिक्षण सोडायला लावू नका

“खरी आवड जन्मजात असते आणि ती सापडली की कष्ट वाटत नाहीत, दुसरा पर्याय हाताशी ठेवणारा कधीच जिंकत नाही, दादासाहेब फाळक्यांनी नोकरीवर लाथ मारली म्हणूनच चित्रपट घडला, आईवडिलांनी लादलेले शिक्षण ही गुलामगिरी आहे,” असा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो वाचून नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या माझ्या भाचीने पदविकेच्या शेवटच्या वर्षाचे शुल्क भरायला नकार दिला. तिला आतापासूनच पूर्णवेळ छायाचित्रण करायचे आहे.

त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांविषयी नाशिककरांनीच असे अर्धवट लिहिलेले पुढे पाठवावे, याचा मला संताप येतो. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले, आणि छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी व छपाईचा व्यवसाय अशी कामे केल्यावर, १९१२ मध्ये लंडनला जाऊन चित्रपटाचे तंत्र समजून घेऊन ते परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा त्यांनी त्रेचाळिशी गाठली होती. त्याआधी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी रोप उगवताना दाखवणारी छोटी फीत तयार केली होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, चित्रपटासाठी राबणाऱ्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला. संदेशात त्यांचे नावही नाही. १९४४ मध्ये याच नाशकात फाळक्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची परिस्थिती हलाखीची होती, हेही कोणी पुढे पाठवत नाही.

आवडीच्या कामात कष्ट वाटत नाहीत, हे विधान तर घातक आहे. ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विद्यार्थ्यांना आधी कृष्णविवरांवरील रंजक चित्रफीत दाखवली आणि नंतर त्याच विषयावरचा अवघड लेख वाचायला दिला. आवड घडवावी लागत नाही, ती तयारच असते, असे मानणाऱ्यांची उत्सुकता लेख वाचल्यावर अधिक ओसरली. लग्नसराईत बारा तास उभे राहून छायाचित्रे काढताना पाय दुखले, तर ही आपली आवडच नव्हे, असे माझ्या भाचीने समजायचे का?

दुसऱ्या पर्यायाबद्दल इतकेच सांगतो की कॅमेऱ्याचे हप्ते दरमहा भरावे लागतात.

शेवटच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. पदविकेची शाखा भाचीने निवडली नव्हती. सातपूरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या तिच्या वडिलांनी ती परस्पर ठरवली. ते चुकले, आणि मी त्यांना तसे स्पष्ट सांगितले आहे. मात्र दोन वर्षे पूर्ण झाली आहेत, एकच उरले आहे. शनिवार-रविवारी तिने छायाचित्रणाची कामे घ्यावीत, त्यासाठी माझा कॅमेरा मी तिला देतो. शुल्क मात्र याच आठवड्यात भरले गेले पाहिजे.