लेकरांना म्युझियममध्ये न्यायचंय? मग आधी गाईड होणं सोडा

"एवढ्याशा लेकरांना म्युझियममध्ये नेऊन काय दगडं दाखवणार? त्यापेक्षा वॉटरपार्कला न्या की." सुट्टी लागली की आमच्या घरात हे कुणीतरी म्हणतंच. सासूबाई म्हणतात, नणंद म्हणते, ऑफिसातलेही म्हणतात. वॉटरपार्कशी माझं भांडण नाही, सोलापूरच्या मे महिन्यात मी स्वतःच पाण्यात जाऊन बसेन. पण "त्यांना काय कळतंय" हे काही मला पटत नाही. लहान पोरांना इतिहास कळतो. कळत नाही ती सनावळी, आणि आपण नेमकी तीच त्यांच्या माथी मारतो.

कुठल्याही संग्रहालयात थोडा वेळ वस्तूंऐवजी आईबापांकडे बघत उभे राहा. "हे बघ तलवार. ही दुसरी तलवार. चल पुढं. वाच बरं काय लिहिलंय. शाळेत शिकवलंय ना तुला? मग सांग, कोणत्या साली?" पोर ज्या एका कपाटापुढं रमलंय तिथून त्याला दंडाला धरून ओढायचं, कारण अजून तीन दालनं राहिलीत आणि तिकिटाचे पैसे वसूल व्हायला पाहिजेत. बाहेर आल्यावर फोटो, स्टेटस, आणि वर "आमच्या बाळ्याला आवडच नाही हो" ही तक्रार. आवडेल कशी? ती सहल नव्हती, तोंडी परीक्षा होती.

माझं म्हणणं एवढंच, की पोराला जे विचारावंसं वाटेल त्याच्या मागं जायचं. आपल्याला जे सांगायचंय ते राहिलं तरी चालतं.

माझी धाकटी सहा वर्षांची, थोरला नऊचा. दोघांना घेऊन आम्ही तेरला गेलो होतो, सोलापूरहून दीड-दोन तासांचा रस्ता. आपल्याकडं बहुतेकांना ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून माहीत. पण दोन हजार वर्षांपूर्वी ते 'तगर' नावाचं व्यापारी शहर होतं. 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक भाषेतल्या दर्यावर्दी वर्णनात त्याचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं, असं त्यात लिहिलंय. (म्हणजे या भागातून कापड बाहेर पाठवण्याचा धंदा सोलापुरी चादरीच्याही कितीतरी आधीचा!) गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी तिथं सापडणाऱ्या जुन्या वस्तू जन्मभर गोळा केल्या. आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती, आणि हस्तिदंतात कोरलेली एक छोटीशी बाई.

थोरला तिच्यापुढून सरळ निघून गेला. धाकटी थांबली. काचेला नाक लावलं, श्वासानं काच धुरकट झाली, फ्रॉकनं पुसली, मग कपाटाच्या बाजूला जाऊन मान वाकडी करून बघायला लागली. "काय बघायलीस गं?" म्हटलं, तर म्हणे, "हिची वेणी मागून कशी घातलीय ते दिसंना." माझ्या डोक्यात तोवर सातवाहन, रोमन व्यापार असं सगळं भाषण तयार होतं. ते गिळलं. दोघी मिळून वेणीच शोधत बसलो.

मग मी तिला एवढंच सांगितलं, की अशीच एक हस्तिदंती बाई १९३८ साली पार इटलीत, पॉम्पेई नावाच्या शहरात सापडली. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. आता ती बाई नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आपल्या तेर किंवा भोकरदनकडूनच तिकडं गेली असावी, असा काही अभ्यासकांचा कयास आहे. "कुणी नेली?" "ते कुणालाच माहीत नाही." हे उत्तर तिला भारी आवडलं. मोठ्या माणसांनाही माहीत नसतं, ही पोरांसाठी मोठीच बातमी असते.

तेवढ्यात थोरला परत आला. "बैलगाडीनं इटलीला?" घरी येईपर्यंत गाडीत तोच विषय. भडोचपर्यंत किती दिवस, जहाज फुटलं तर काय, तांबडा समुद्र खरंच तांबडा असतो का, इजिप्तमधून पुढं उंटावर का. आणि मग त्यानंच विचारलं, "तेव्हा इथं राजा कोण होता?" सातवाहन हे नाव मी तेव्हा उच्चारलं.

पोरांचे काही प्रश्न आपल्याला लाज आणतात, पण इतिहासाच्या अभ्यासकाला शोभावेत असे असतात. "राजा शूला कुठं जायचा?" यावर खसखस पिकते आणि आपण "गप रे" म्हणतो. अहो, रायगडावर राणीवशाच्या जागी शौचकूप दाखवतात! सांडपाणी कुठून काढलं, पाणी कुठून आणलं, एवढ्या लोकांचं जेवण कुठं शिजायचं, या प्रश्नांतून गड जेवढा कळतो तेवढा लढायांची यादी घोकून कळत नाही.

आता अवघड भाग. खरं किती सांगायचं?

तेरला गोरोबाकाकांच्या मंदिरात मी चिखल तुडवताना त्यांचं लेकरू पायाखाली आलं ती गोष्ट धाकटीला पुरती सांगितली नाही. थापटण्यानं संतांची डोकी तपासून कच्चं मडकं कोणतं ते ओळखलं, ती गोष्ट सांगितली. पण दर वेळी असं गाळता येत नाही. पुण्याला केळकर संग्रहालय बघायला हुतात्मा एक्सप्रेसनं निघालो होतो. (ते जरूर दाखवा. अडकित्ते, दिवे, वज्र्या, असं घरातलं सामान बघताना पोरांना काही समजावावं लागत नाही.) गाडी सुटताच प्रश्न आला, "हुतात्मा म्हणजे कोण?" म्हटलं, आपण चार पुतळ्यांवरून जातो ना, तेच ते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. गांधी टोपी घातली तरी धरायचे. "टोपी घातली म्हणून?" हो, टोपी घातली म्हणून. पुढं १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. आपण आता जातोय त्याच पुण्यात.

फाशी म्हणजे काय, हे तिनं विचारलं. मी एका वाक्यात खरं सांगितलं आणि थांबले. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांच्या आईला सांगितलं होतं का?" समोरच्या सीटवरच्या काकांनी पेपर खाली घेतला. मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. तरीही, पोराला घाबरवायचं नाही म्हणून "ते देवाघरी गेले" एवढ्यावर भागवावं, हे मला पटत नाही. पोरं विचारतात तेवढंच सांगावं, पण खोटं सांगू नये. त्याचबरोबर गोष्ट सांगता सांगता आपला राग त्यांच्या दप्तरात भरू नये. "ते लोक वाईट, आपण चांगले" हे बोलायला सोपं असतं, म्हणून तर सगळेच तेवढं बोलून मोकळे होतात.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी झटपट सांगते. लहान पोरांची दमछाक पाऊण तासात होते, मग कितीही भारी वस्तू असो, निघायचं. आधी खाऊ, मग दालन. विजापूरला गोलघुमटाच्या पायऱ्या चढून आल्यावर समोरच्या नक्कारखान्यातलं संग्रहालय कुणीच बघत नाही, म्हणून ते आधी उरका. शुक्रवार टाळा, त्या दिवशी ते बंद असतं. त्यानंतर घुमटात जायला मात्र उशीर करू नका. नंतर शाळांच्या सहली येतात आणि पलीकडून कुजबुज ऐकू येणं सोडा, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तेव्हा पैसे वसूल करायची घाई करू नका. आणि अगदीच छोटं पोर असेल तर बाहेरगावी कशाला, आपल्या भय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर दाखवा. १९३८ साली चीनला गेलेला आणि १९४२ मध्ये तिथंच, बत्तिसाव्या वर्षी वारलेला डॉक्टर आपल्याच गल्लीबोळातला होता, हे घरात उभं राहून पोरांना जास्त कळतं.

तक्रार संग्रहालयांबद्दलही आहे. पाट्या मोठ्यांच्या उंचीला, भाषा सरकारी, आणि सगळीकडं 'हात लावू नये'. जुन्या वस्तू जपायलाच हव्यात, मान्य. पण नक्कल ठेवा की हाताळायला! मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१९ पासून खास मुलांसाठी वेगळं संग्रहालय आहे. ते आपल्याकडं जिल्ह्याच्या गावी कधी पोचणार?

आमच्या माळ्यावर सासऱ्यांचा एक धोटा आहे, मागावर आडवं सूत इकडून तिकडं नेतो तो. ते मिलमध्ये साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर होते. दोन्ही टोकांना लोखंडी चोच, मधलं लाकूड हात लागून लागून गुळगुळीत, आत कांडीची खाच. थोरल्यानं तो फरशीवर सरकवून बघितला, चोच बोटाला टोचून घेतली, मग विचारलं, "आजोबा, हा सुटून कुणाला लागायचा का?" सासरे कधी जास्त बोलत नाहीत. त्या दुपारी दीड तास बोलले. भोंगा, रात्रपाळी, बदलीवाले, कानात बसलेला साच्यांचा आवाज, सगळं. सासूबाईंनीही यातलं निम्मं पहिल्यांदाच ऐकलं.

आपल्या गावात अजून अशी माणसं आहेत, असे धोटे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अपार्टमेंटमधली पोरं गोळा करून एखाद्या जुन्या साचेवाल्या आजोबांकडं किंवा विड्या वळणाऱ्या आजीकडं एक दुपार न्यायचा विचार आहे. तुमच्या घरी कुणी असेल, त्यांना पोरांचा गलका चालत असेल, तर कमेंटमध्ये नुसतं 'चालेल' लिहा. नंबर मी इनबॉक्समध्ये मागून घेईन. पोरांना चहा नको, पण शेंगाचटणी-भाकरी केलीत तर नाही म्हणणार नाही.