मुलांना बर्फात खेळू द्या, प्लीज

आमच्या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मराठी ग्रुपवर दर नोव्हेंबरात हा मेसेज येतोच, की अहो शाळेत एवढ्या थंडीत पोरांना बाहेर काढतात, टीचरला चिठ्ठी देऊन आत बसवता येतं का? आणि मग खाली धडाधड सल्ले, खोकला आहे लिहा, कान दुखतो लिहा. मला ते वाचून खरंच वाईट वाटतं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. नका हो लिहू अशी चिठ्ठी.

मी शाळेत लंच आणि रिसेसला (म्हणजे मधल्या सुट्टीत) व्हॉलंटियर म्हणून जाते त्यामुळे हे सगळं रोजच्या बघण्यातलं आहे. प्लाऊने पार्किंगमधला बर्फ ढकलून जो ढीग करतात ना, तो पोरांचा किल्ला. कडाक्याची थंडी असली की बर्फ भुसभुशीत असतो, दाबला तरी चिकटत नाही, तेव्हा मुलं नुसती घरंगळतात आणि खणतात. तापमान 32 फॅरनहाइटच्या आसपास आलं की तो चिकटायला लागतो आणि हे दुसरीतल्या पोरांना बरोबर कळतं, त्या दिवशी दार उघडल्याबरोबर सगळी भिंती बांधायला पळतात. बर्फ फेकायचा नाही हा नियम आहे आणि तो मला मान्य आहे. पण कोण ठोकळे आणणार, कोण भिंत रचणार, दुसऱ्या टीमने तोडलं तर काय करायचं, ही सगळी भांडणं आणि समेट मुलं आपापली करतात, मोठं कुणी मधे नसतं. नुकतंच भारतातून आलेलं, वर्गात तोंड न उघडणारं मूल इथे तिसऱ्या-चौथ्या दिवशी बर्फाचा ठोकळा उचलून कुणाच्या तरी किल्ल्यात सामील झालेलं असतं, त्याला इंग्रजी लागतच नाही.

आता थंडीचं. शाळा डोळे मिटून सोडत नाही. वाऱ्यासकट तापमान म्हणजे विंड चिल बघतात, इकडे बऱ्याच ठिकाणी ते शून्य ते उणे 10 फॅरनहाइटच्या (म्हणजे साधारण उणे 18 ते उणे 23 सेल्सिअस) खाली गेलं की रिसेस आत. आणि सर्दी व्हायरसने होते, तो बंद वर्गात एकमेकांच्या अंगावर शिंकत बसलेल्या मुलांमध्ये जास्त पसरतो. आजी-आजोबांना हे पटवणं अवघड आहे मान्य, पण आपण तर समजून घेऊ.

दुसरं, डोळे. चष्मा लागला की आपण सगळे मोबाईलला शिव्या देतो, पण बाहेरच्या उजेडात घालवलेल्या वेळाचं काय? चीनमध्ये ग्वांगझूला पहिलीच्या मुलांवर मोठा अभ्यास झाला, 2015 साली छापून आला. शाळेत रोज 40 मिनिटं जास्तीची बाहेर काढलेल्या मुलांत 3 वर्षांत 30.4 टक्क्यांना मायोपिया (लांबचं धूसर दिसणं) आला आणि नेहमीसारख्या शाळांत 39.5 टक्क्यांना. आणि आमच्याकडे डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, मूल बसमधून उतरून खाऊन होईपर्यंत बाहेर अंधार. म्हणजे आठवड्याच्या दिवसांत दिवसाउजेडी मोकळं खेळायला मिळतं ते रिसेसमध्येच, आणि तेवढंही आपणच काढून घ्यायचं? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्येच सांगितलंय की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी रिसेस काढून घेऊ नका. मिनेसोटाने 2023 मध्ये शिक्षा म्हणून रिसेस बंद करायला, थोडे अपवाद सोडले तर, कायद्यानेच मनाई केली.

पण एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. स्नो पँट (म्हणजे बर्फात घालायची वॉटरप्रूफ पँट) आणि बूट असतील तरच गवताच्या मैदानावर, ढिगावर जाता येतं, नाहीतर ब्लॅकटॉपवर, म्हणजे डांबरी भागावरच थांबायचं. कपडे भिजून मूल गारठू नये म्हणून नियम आहे, बरोबरच आहे. पण मग दर वर्षी तीच मुलं कडेला उभी राहून दुसऱ्यांचे किल्ले बघत असतात, कारण घरी परवडत नाही किंवा नवीन आलेल्या आईबाबांना स्नो पँट नावाची गोष्टच माहीत नसते. आपली मुलंही त्यात असतात, छान महागडं जॅकेट आणि खाली जीन्स! सात वर्षांच्या मुलाला अशी शिक्षा कशाला?

तर नवीन आलेल्यांनो, स्नो पँट ऑक्टोबरातच घ्या, थ्रिफ्ट स्टोअरमध्ये (वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात) चांगल्या मिळतात. ग्लोव्हजपेक्षा मिटन्स घ्या, बोटं एकत्र राहून गरम राहतात, आणि वॉटरप्रूफच, लोकरीचे दहा मिनिटांत ओले होतात. जास्तीची जोडी दप्तरात. सगळ्यावर नाव लिहा. घरी बूट स्वतः चढवायची प्रॅक्टिस करून घ्या, कारण वीस-पंचवीस पोरांच्या चेन लावता लावता रिसेसची मिनिटं जातात.

आणि जुन्या लोकांनो, मुलांना लहान झालेल्या स्नो पँट बेसमेंटमध्ये पडल्या असतील तर धुवून शाळेच्या ऑफिसात किंवा नर्सकडे देऊन या, नाहीतर मला मेसेज करा, मी येऊन घेऊन जाईन. 5 ते 8 साईझ सगळ्यात आधी संपतात.