‘व्हायरलच आहे’ हे ऐकून मी रात्रभर थांबले

मुलगी सात आठवड्यांची होती. आधी थोरल्याला पडसं झालं, मग आम्हा दोघांना, मग तिला. ताप नाही, फक्त नाक गळतंय. जो तो म्हणाला, "व्हायरलच आहे, होईल बरं." तिसऱ्या रात्री ती दूध ओढेना. चार घोट घ्यायची आणि दमून तोंड सोडायची. पोट उडत होतं. मला वाटलं, नाक चोंदलंय म्हणून असेल. सकाळी दवाखान्यात पोचलो तेव्हा ऑक्सिजन इतका उतरला होता की तिला लगेच दाखल करून घेतलं. तपासणीत आरएसव्ही, म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस हा श्वसनमार्गाचा विषाणू, निघाला. पाच दिवस ती नळ्यांमध्ये होती.

तेव्हापासून ‘व्हायरलच’ यातला तो ‘च’ मला सहन होत नाही. मोठ्यांच्या सर्दीला तो शोभतो, तान्ह्या बाळाच्या छातीला नाही.

आरएसव्ही फुप्फुसातल्या अगदी बारीक श्वासनलिकांपर्यंत उतरतो आणि त्यांच्या अस्तरातल्या पेशी मारतो. मेलेल्या पेशी, सूज आणि चिकट कफ मिळून नळी बुजवतात. याला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, साधारण सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या नळीत तेवढी सूज सामावते. बाळाची नळी मुळातच इतकी अरुंद, की त्याला प्रत्येक श्वास जोर लावून ओढावा लागतो. मग दूध प्यायला ताकद कुठून उरणार?

आरएसव्ही एकटाच नाही. इन्फ्लुएन्झा, पॅराइन्फ्लुएन्झा, ऱ्हायनोव्हायरस, अ‍ॅडिनोव्हायरस, २००१ साली ओळखला गेलेला मेटान्यूमोव्हायरस, सगळे छातीत उतरू शकतात. २०१९ मध्ये सात देशांतला ‘पर्च’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गंभीर न्यूमोनियाने दाखल झालेल्या आणि एक्स-रेतही तो दिसलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये सुमारे ६१ टक्के कारणं विषाणूंची होती, एकूण कारणांपैकी ३१ टक्के एकट्या आरएसव्हीची. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. जिवाणूंची शंका असेल तर डॉक्टर ते देतीलच, पण "काहीतरी स्ट्राँग द्या" असा हट्ट आपण धरू नये. माझ्या मुलीला तारलं ते ऑक्सिजनने, नळीतून दिलेल्या दुधाने आणि रात्रभर लक्ष ठेवणाऱ्या नर्सेसनी.

आरएसव्ही १९५६ मध्ये सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये सापडला आणि लवकरच लहान मुलांतही. साठच्या दशकात लस करून पाहिली, तर लस दिलेल्या बाळांना पुढे खरा संसर्ग झाल्यावर आजार आणखी तीव्र झाला. दोन बाळं दगावली. त्या धक्क्याने लसीचं काम कित्येक वर्षं मागे पडलं. पेशीत शिरण्याआधी विषाणूवरच्या प्रथिनाचा आकार नेमका कसा असतो, हे २०१३ मध्ये उलगडलं आणि वाट मोकळी झाली. २०२३ मध्ये अमेरिकेत गरोदरपणी आईला द्यायच्या लसीला मान्यता मिळाली. बाळाला थेट तयार प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) देणारं निर्सेव्हिमॅब हे इंजेक्शनही आलं.

आणि राग येतो तो इथे. २०१९ या एका वर्षात पाच वर्षांखालच्या सुमारे एक लाख मुलांचे मृत्यू आरएसव्हीमुळे झाल्याचा अंदाज आहे. त्यातले ९७ टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. संरक्षण मात्र आधी श्रीमंत देशांतल्या बाळांना मिळालं. जिथे ऑक्सिजनचीही वानवा आहे, तिथेच हे इंजेक्शन आधी पोचायला हवं होतं. ते परवडत नाही, हे उत्तर मला मान्य नाही.

त्या रात्री मला कुणी फक्त श्वास मोजायला सांगितलं असतं तर मी सकाळची वाट पाहिली नसती. बाळ शांत असताना अंगावरचे कपडे वर करायचे आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल, दूध सोडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वास मध्येच थांबत असेल, तर आकडा न बघता निघा. ताप नसला तरी. रात्रीचे दोन वाजले असले तरी.