६५ इंची कर्ण

टीव्ही घेण्याचे ठरले की पुष्कळ लोक टेप घेऊन आधी घरातली भिंत मोजतात, आणि सगळे तिथेच बिनसते. भिंत मोजणाऱ्या माणसाला ४३ इंचांच्या पलीकडे जाण्याचे धैर्य होत नाही. आपण तसे करू नये. घर बिल्डरने बांधलेले असते आणि ते बांधताना आपल्याला कोणी काही विचारलेले नसते. टीव्ही मात्र आपण स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना निवडणार आहोत. तेव्हा या दोहोंपैकी कोणी कोणाशी जुळवून घ्यायचे, हे एकदा मनाशी पक्के करावे.

शाळेत काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढताना 'याचा पुढे उपयोग काय' असे ज्यांना वाटले होते, त्यांच्या शंकेचे निरसन टीव्हीच्या दुकानात होते. टीव्हीचे माप लांबीने सांगत नाहीत आणि उंचीनेही सांगत नाहीत. ते कर्णाने सांगतात, कारण तिन्ही मापांत तेच सर्वांत मोठे भरते. ६५ इंची म्हणून जो संच आपण घेतो, तो प्रत्यक्षात सुमारे ५७ इंच रुंद आणि ३२ इंच उंच असतो. मात्र कर्ण नुसता दीडपट झाला तरी क्षेत्रफळ त्याहून अधिक वाढते, हे मध्यमवर्गीय मनाला समाधान देणारे गणित आहे: ४३ इंची पडदा साडेपाच चौरस फुटांचा, तर ६५ इंची साडेबारा चौरस फुटांचा. आजच्या पुण्यात साडेबारा चौरस फुटांचे काय पडतात, हे सांगायला नको. शिवाय हे बांधकाम उभे असल्यामुळे त्यावर मुद्रांक शुल्क लागत नाही.

खरेदीचा मुहूर्त दसऱ्याचा किंवा पाडव्याचा असावा. ३२ इंचांहून मोठ्या पडद्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि ज्यांनी त्याच वर्षी ऑगस्टअखेर गणपतीच्या आगमनाबरोबर संच घरी आणला होता, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. ती दहा टक्के श्रद्धेपोटी गेली, असे समजावे. पैसे मात्र रोख देऊ नयेत. 'नो कॉस्ट इएमआय' नावाची एक सोय असते, तिचा लाभ घ्यावा. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते, पण रिझर्व्ह बँकेला आपल्या दिवाणखान्यातले काय कळणार? व्याजाइतकी रक्कम आधी सवलत म्हणून दाखवायची, मग ती व्याज म्हणून लावायची, हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी घ्यायचा आणि वर प्रक्रिया शुल्क आकारायचे, अशी ही सरळ रचना आहे. रोखीने घेणाऱ्याला मिळू शकली असती ती सवलत यात व्याजाच्या रूपाने परत जाते, एवढेच.

दुकानात गेल्यावर सगळे पडदे एकाच वेळी पाहावेत. त्यांच्यावर एक लाल पोपट पंख पसरतो, मधाची धार अत्यंत सावकाश खाली येते, डाळिंबाचे दाणे फुटतात आणि कुठल्याशा परक्या शहरात रात्र होते. रंग इतके गडद असतात की घरी येऊन खरे डाळिंब फोडले तर ते आजारी वाटावे. संच दुकानासाठीच्या खास मोडवर ठेवलेले असतात, हे विक्रेत्याला विचारून त्याला अडचणीत आणू नये. आपल्या सोसायटीच्या केबलवर जे दिसते ते लावून दाखवा, असा आग्रह तर मुळीच धरू नये, असभ्यपणा दिसतो.

खोका घरी येतो त्या दिवसाचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण या खरेदीतला खरा पराक्रम तिथे आहे. खोक्यावर वर जाणारे बाण छापलेले असतात आणि तो आडवा टाकू नये, अशी ताकीद असते. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये तो बाणांच्या दिशेने बसत नाही, आणि बसतो त्या दिशेने ठेवायला माणसे तयार नसतात. वॉचमन, इस्त्रीवाला, खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ अशी मंडळी जमून आपापली मते देतात. मग खोका जिन्याने निघतो आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकतो. कर्णाच्या रथाचे चाक ऐन वेळी जमिनीत रुतले होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे या प्रसंगी खचून जाऊ नये. कठड्यावरची कुंडी उचलली की चाक निघते. ती कुंडी ज्यांची असते त्यांच्याशी पुढे काही महिने बोलणे राहत नाही, पण आता आपल्याला संध्याकाळी कोणाशी बोलायला वेळ तरी कुठे असणार आहे?

दुसऱ्या दिवशी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, कंपनीचा माणूस येतो. तो भिंतीवर बोटाने टकटक करतो आणि चेहरा गंभीर करतो. ही भिंत चार इंची आहे, किंवा ती हलक्या ठोकळ्यांची आहे, वीस-पंचवीस किलो वजन साध्या गिट्टीवर धरणार नाही, याला वेगळे बोल्ट लागतील, आणि ब्रॅकेट तर खोक्यात येतच नाही, त्याचे पैसे निराळे, अशी माहिती तो हप्त्याहप्त्याने देतो. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असावा, असे शास्त्र सांगते. परंतु तिथे आपले शोकेस असते आणि शोकेसमध्ये मुलाचे करंडक असतात. म्हणून टीव्ही साडेपाच फुटांवर जातो. त्या जागी आजोबांची तसबीर होती, ती बेडरूममध्ये न्यावी. बेडरूममध्ये आता आपला जुना ३२ इंचीही राहायला आलेला आहे, त्यामुळे आजोबांना सोबत होईल. मान वर करून पाहण्याची सवय चार दिवसांत लागते. नाटकगृहात पहिल्या रांगेत बसायला आपण जास्त पैसे मोजतोच ना?

अंतराविषयी थोडे. पडद्याने आपल्या नजरेचा सुमारे ३० अंशांचा कोन व्यापावा, असा एक रूढ निकष आहे आणि त्याप्रमाणे ६५ इंची पडदा जवळजवळ पावणेनऊ फुटांवरून पाहावा लागतो. आपला हॉल दहा फूट रुंद; त्यातले तीन फूट सोफा खातो आणि टीपॉय ठेवला की पाय ठेवायला जागा उरत नाही. टीपॉय काढून टाकावा. चहाचे कप हातात धरण्याची जुनी पद्धत आरोग्याला चांगली होती. सोफा मागे सरकवावा असे आपल्या मनात येईल, पण तो आधीच स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेला असतो. या भिंतीचा विचार पुढे करू.

गॅलरीतून येणारा उजेड पडद्यावर तिरपा पडतो आणि रहस्यपटातल्या अंधाऱ्या प्रसंगात खुनी दिसण्याऐवजी आपणच सोफ्यावर बनियनमध्ये बसलेले दिसतो. यावर जाड पडदा हा उपाय आहे. गॅलरीतून टेकडी दिसते, हे सांगून बिल्डरने चौरस फुटामागे काही रुपये जास्त घेतले होते, हे खरे. पण टीव्ही पाच मिनिटे मोकळा राहिला की त्यावर आपोआप डोंगर, दऱ्या आणि तळी येऊ लागतात. ती अधिक हिरवी आहेत आणि तिथे प्लास्टिकच्या पिशव्या नाहीत. आमच्या आजी परवा त्यांतल्या एका डोंगराला बराच वेळ निरखून म्हणाल्या, "सिंहगडाची ही बाजू मी कधी पाहिली नव्हती रे." कोणी काही बोलले नाही.

आता प्रत्यक्ष चित्राकडे वळू. आपण घेतला तो पडदा '४के' असतो, म्हणजे त्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० असे जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात. आई संध्याकाळी साडेसातला जी मालिका लावतात ती साध्या वाहिनीवरून येते आणि तिचे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे असते. भागाकार केला तर तो अगदी नि:शेष जातो: वाहिनीकडून येणाऱ्या एका ठिपक्याला पडद्यावर २० ठिपक्यांचा संसार चालवावा लागतो. पूर्वी २१ इंचांच्या डब्यावर जी सासू देखणी दिसत असे, तिचा चेहरा आता भिंतीवरच्या ओलीसारखा पसरतो आणि नथ कुठे संपते व ओठ कुठे सुरू होतात, हे कळत नाही. एचडी वाहिन्यांचा संच घ्यावा तर महिन्याला जास्त पैसे पडतात, आणि इतका महाग टीव्ही घेतल्यावर कुठेतरी काटकसर ही केलीच पाहिजे.

चित्रपटांचे उलट होते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित केलेला असतो. आपल्या टीव्हीला ही कंजुषी पाहवत नाही, म्हणून तो दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेने काढलेल्या आणखी चौकटी घालतो. परिणामी कोट्यवधी रुपये खर्चून काढलेले युद्ध घरी पाहताना सोसायटीच्या स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओसारखे गुळगुळीत दिसते. ही सोय बंद करण्याचे बटण असते, परंतु प्रत्येक कंपनीने त्याला वेगळे गोंडस नाव देऊन सेटिंगच्या चौथ्या पायरीवर ठेवलेले असल्यामुळे बहुतेक कुटुंबे त्या वाटेला जात नाहीत. आपणही जाऊ नये; गेल्या वेळी भाच्याने तिथे जाऊन भाषा कोरियन करून ठेवली होती, आणि मराठीवर परत यायला सव्वा तास लागला.

कर्ण म्हणजे कानही, हे टीव्ही बनवणारे विसरले असावेत. संच बोटाएवढा पातळ झाला तेव्हा ध्वनिवर्धकांना जागा उरली नाही. ते खाली किंवा मागे तोंड करून बसतात आणि नायिका जे काही बोलते ते आधी भिंतीला सांगतात. म्हणून साउंडबार घ्यावा. तो घेतला की स्फोट उत्तम ऐकू येतात, खालच्या मजल्यालाही येतात, आणि संवाद पूर्वीइतकेच अस्पष्ट राहतात. त्यासाठी मग उपशीर्षके लावावीत, म्हणजे मराठी चित्रपट मराठी माणसांनी इंग्रजीत वाचण्याची सोय होते. रिमोट आता चार झाले. चारहींना प्लास्टिकचे वेष्टण घालावे, कारण महाराष्ट्रात रिमोट वेष्टणासकट वापरण्याची परंपरा आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही.

पहिल्यांदा चालू करताना टीव्ही आपल्याला काही कलमे दाखवतो. ती वाचू नयेत. तशीही ती कंपनीचा माणूसच आपल्या वतीने मान्य करून टाकतो. त्यांतल्या एका कलमान्वये पडद्यावर काय चालले आहे ते ओळखून त्याची नोंद बाहेर कळवण्याची मुभा आपण टीव्हीला दिलेली असू शकते. अशी नोंद ग्राहकांना न विचारता गोळा केल्याबद्दल अमेरिकेत २०१७ साली एका कंपनीला २२ लाख डॉलर मोजावे लागले होते. आपण इतके मनाला लावून घेऊ नये. आपण काय पाहतो याची आस्थेने चौकशी करणारे घरात आता उरलेच कोण आहे?

कारण मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले त्यानंतरच्या काळात चाळीत एखाद्याच घरी टीव्ही असे, आणि जेमतेम दीड चौरस फुटाच्या करड्या काचेसमोर तीस-तीस माणसे बसत. दाराबाहेर चपलांचा ढीग पडे. दरडोई पडदा काढला तर सात चौरस इंच भरत होता. आज आपल्याकडे साडेबारा चौरस फुटांपुढे तीन माणसे आहेत, म्हणजे दरडोई चार चौरस फुटांहून अधिक. इतकी प्रगती आपण अन्य कोणत्याही क्षेत्रात केलेली नाही. या तिघांपैकी तिघेही त्या वेळी हातातल्या फोनमध्ये पाहत असतात, ही बाब दरडोई हिशेबात धरण्याची पद्धत नाही.

क्रिकेटच्या दिवशी मात्र सगळे मान वर करतात. सामना इंटरनेटवरून पाहिला तर तो केबल किंवा डिशपेक्षा काही सेकंद, कधी कधी अर्धा मिनिट, मागे असतो. आपल्या ६५ इंचांवर गोलंदाज अजून धावपट्टीच्या टोकाला हातातला चेंडू पुसत असतो, आणि खालच्या मजल्यावर, ज्यांची कुंडी फुटली त्यांच्या २४ इंची संचासमोर, षटकार ओरडून संपलेला असतो. पण यालाही एक चांगली बाजू आहे. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम सामन्यात प्रत्येक वाईट बातमी आम्हाला खालच्या शांततेतून आधीच कळत होती, त्यामुळे धक्का असा बसला नाही.

दोन-तीन वर्षे अशी आनंदात गेली की दसऱ्याच्या सुमारास दुकानातून संदेश येतो: जुना द्या, ७५ इंची घ्या. साडेसोळा चौरस फुटांहून मोठा पडदा मिळतो आहे, हप्ता तेवढाच राहतो आहे आणि ६५ इंची बेडरूममध्ये आजोबांच्या जागी जाऊ शकतो, हे पाहता नकार देणे कठीण असते. फक्त ३० अंशांच्या त्या निकषाप्रमाणे आता सव्वादहा फुटांचे अंतर लागेल, आणि हॉल अजूनही दहाच फुटांचा आहे. सोफ्यामागची स्वयंपाकघराची भिंत चार इंची आहे, तिच्यात खांब नाही. ती काढली की सोफा ओट्याला पाठ लावून बसतो आणि अंतर बरोबर भरते. फोडणीच्या वेळी तिघांनीही थोडे पुढे वाकावे लागेल. अशा कामाला सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला लागतो, तेव्हा अर्ज श्रावणातच केलेला बरा.