आवळा दोन टक्क्यांचा

कारखान्यामागचा नाला काळा पडला म्हणून झोप उडवून घेऊ नका. कंपनी कायदा, २०१३ काढा, कलम १३५ वाचा. तिथे नाल्याचा रंग कुणी विचारलेला नाही, नफा विचारलाय. आदल्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटींवर गेला की तुम्ही समाजाचं देणं लागता. किती? मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. नफा ४, ६ आणि ८ कोटी असेल तर सरासरी ६, म्हणजे देणं १२ लाख. नाल्यात काय सोडलंत, किती सोडलंत, हे या गणितात येतच नाही.

एक पथ्य मात्र पाळा. या १२ लाखांतून सांडपाणी प्रकल्प दुरुस्त करायला जाऊ नका. ते कायद्याने तुमचं कामच आहे, सीएसआरमध्ये, म्हणजे या दोन टक्क्यांच्या सामाजिक जबाबदारीत, धरत नाहीत. शिवाय महागात पडतं: हवेचे ब्लोअर चोवीस तास चालू, घातक गाळ तळोज्याच्या नाहीतर रांजणगावच्या घातक-कचरा केंद्राला पाठवा, सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप, लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आत आणा. रात्री ब्लोअर बंद ठेवले तर वीजबिल वाचतं, पण टाकीतले घाण खाणारे जिवाणू गुदमरतात आणि टाकी पुन्हा मार्गी लागायला आठवडे जातात. तोवर पावसाची वाट पाहावी, तेव्हा सगळेच नाले गढूळ. डोंबिवलीत २०२० साली कारखान्यांच्या रसायनाने रस्ताच गुलाबी झाला, तसला उतावीळपणा नको.

त्यापेक्षा गावाला पाणी पाजा. विहिरी तुमच्यामुळेच गेल्या असतील तर फारच उत्तम, गरज वेगळी सिद्ध करावी लागत नाही. आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, असं कायदाही सांगतोच. पत्र्याची शेड घाला, आत आरओचं यंत्र, पाचचं नाणं टाकलं की वीस लिटर. शेडवरचं नाव यंत्राहून मोठं हवं. यंत्र मागून जे क्षारांचं पाणी फेकतं, त्याची चारी सरळ नाल्यात काढा. नाला ओळखीचाच आहे. देखभालीला पैसे ठेवू नका. आतली बारीक गाळणी, मेंब्रेन, तुंबेल, धार करंगळीएवढी होईल, मग कुलूप. पण तोवर वार्षिक अहवाल छापून झालेला असतो. परिणामांचं मूल्यमापन? तो जाच सरासरी १० कोटींचं देणं असलेल्या बड्यांना. देणं ५० लाखांच्या आत, म्हणजे वेगळी सीएसआर समितीही नको. संचालक मंडळ चहा निवायच्या आत ठराव करतं.

एवढीही दगदग नको असेल तर वर्षभर हातावर हात ठेवून बसा, न खर्चण्याचं कारण अहवालात लिहा आणि ३० सप्टेंबरच्या आत रक्कम पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीत भरा. कायद्याची पूर्तता झाली. नाल्याकाठच्या गावाने मग दिल्लीकडे बघावं.

शेडचं उद्घाटन केलंत तर मात्र जपून. सरपंच नारळ फोडतील, फोटोवाला सरसावेल आणि पहिला पेला तुमच्याच हातात येईल. गाडीतली सीलबंद बाटली त्यात आधीच ओतून ठेवायला ड्रायव्हरला सांगा.